पंधरा किलो चारशे, प्रथम क्रमांक

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७.१०

नवी डायरी सुरू. तशी जुनीच, २०१९ची, फुकट मिळालेली. पण पानं कोरी आहेत आणि वार खोडता येतात. मी कागद फुकट घालवणारा माणूस नाही.

आज मंडळाची मीटिंग. आमच्या गुटगुटीत बालक स्पर्धेचं यंदा चाळीसावं वर्ष. १९८६ साली चाळीच्या गॅलरीत ही स्पर्धा मी सुरू केली. तेव्हा वजनमापे खात्यात नवा इन्स्पेक्टर होतो. लालबागचे वाणी मला लांबून बघून वजनं पुसायला घ्यायचे. तेव्हापासून इथलं प्रत्येक बाळ माझ्या परातीच्या तराजूत बसलं आहे. चाळ पाडली, बावीस मजली टॉवर झाला. तराजू तोच, शिक्का तोच, परीक्षक तोच.

दुपारी १.३०

मीटिंग संपली. सात माणसं, त्यातली चार मोबाइलमध्ये. सेक्रेटरी कोंडीराम (मेंदूचं निव्वळ वजन पाव किलो, तेही पॅकिंगसकट) म्हणाला, हल्लीच्या आयांना पोरांचं वजन केलेलं आवडत नाही, त्यापेक्षा चित्रकला स्पर्धा ठेवू. चित्रकला! ज्याची पोरं काड्यापेटीतल्या काड्यांसारखी, तो दुसरं काय बोलणार. मी उठून उभा राहिलो. मी उठलो की मीटिंग संपते.

ठरलं. १६ नोव्हेंबर, रविवार, टॉवरच्या पार्किंगवरच्या मोकळ्या पोडियमवर. आजवरचे सगळे प्रथम क्रमांक स्टेजवर आणायचे. मुख्य आकर्षण २०१७चा विजेता, वय तेव्हा वीस महिने, वजन पंधरा किलो चारशे. चाळीस वर्षांत हा आकडा कुणी मोडलेला नाही. विजेत्याचं नाव ध्रुव. माझा नातू. निकाल लावताना मी परीक्षक होतो हे खरं, पण तराजूला आजोबा कळत नाहीत.

संकल्प: सोळा तारखेला ध्रुवला असा उभा करीन की लालबाग बघत राहील.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ध्रुवची उंची घेतली. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलची रेघ मारतो. आज १४७ सेंटिमीटर. वय साडेनऊ. वर्गात सगळ्यात उंच. वजन छप्पन किलो. पेशवाईतल्या सरदारासारखा दिसतो.

आणि घरात काय चाललंय? शाळेच्या नर्सने चिठ्ठी पाठवली आहे, वजन जास्त आहे, डॉक्टरांना दाखवा. सूनबाई रुपाली ती चिठ्ठी फ्रिजवर लावून बसली आहे. नर्स मी पाहिली आहे. तिला स्वतःच्या वजनाची चिठ्ठी लिहायची तर वही लागेल. चिरंजीव सुशांत दोन्ही बाजूंनी मान हलवतात. हा मुलगा एका बाजूला मान हलवेल तो दिवस मी डायरीत लाल शाईने लिहीन.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गंभीर बाब. ध्रुवच्या मानेवर मागच्या बाजूला मळ. थोडाथोडका नाही. कानापासून कानापर्यंत काळा पट्टा, वळ्यांमध्ये जाड थर. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. हे रुपालीचं काम. बँकेत जाणाऱ्या बायका पोराला पाच मिनिटांत भिजवतात आणि त्याला आंघोळ म्हणतात. स्टेजवर प्रथम क्रमांक अशी मान घेऊन उभा राहिला तर चाळीस वर्षांची अब्रू गेली.

आजपासून आंघोळ माझ्याकडे. बेसन, लिंबू आणि काथ्या. दहा मिनिटं घासली. पोरगा रडला. मालन (आमची सौ.) बाथरूमच्या दारात येऊन म्हणाली, पोराची मान आसा ती, टोप न्हय. माहेर देवगडचं असलं की माणसाला स्वच्छतेतलं कळत नाही.

मळ जराही कमी नाही. लिंबू जुना असणार.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११

शामरावची मुलगी ऋता आली होती. शामराव आमच्या समोरच्या चाळीत राहायचा. ही आता डॉक्टर झाली आहे, परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, मुलांच्या हार्मोन्सची. मुलांना हार्मोन्स असतात हे आमच्या वेळी कुणाला माहीत नव्हतं आणि कुणाचं काही अडलं नाही.

ती म्हणाली, लहान मुलांचं वजन आणि वाढीची प्रोटीन्स यांचा अभ्यास चालू आहे. सहा ते बारा वयाची मुलं हवी आहेत, जाड आणि बारीक दोन्ही. रक्त घेणार, हाताचा एक्स-रे काढणार. मी सांगितलं, बारीक हवी तर कोंडीरामकडे जा, तिथे स्टॉक आहे.

मग तिला ध्रुवची मान दिसली. वाकून बघितली. म्हणाली, काका, हा मळ नाही, घासू नका याला. सात वर्षं शिकून बाईला मळ ओळखता येत नाही. साबण विकणाऱ्यालाही हे कळतं.

पण मुलगी अगदीच वाया गेलेली नाही. स्पर्धेचं रजिस्टर बघायला मागितलं. मी ते लोखंडी कपाटातून काढलं. चाळीस वर्षं, माझ्या अक्षरात, नाव, वय, वजन आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पानं उलटता उलटता ती १९९३वर थांबली. तिचीच नोंद. ऋता शामराव, वय चौदा महिने, सहा किलो आठशे, क्रमांक शेवटचा. शेरा: अशक्त. पालकांना समज द्यावी.

तिला हसू आलं. मला आठवलं, मी समज खरंच दिली होती. शामरावला चाळीच्या चौकात, सगळ्यांसमोर. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. समज लागली म्हणून तर पोरगी डॉक्टर झाली.

तिने रजिस्टरच्या पानांचे फोटो काढले. म्हणाली, जुन्या विजेत्यांना विचारून बघते, तयार असतील तर त्यांचीही माहिती घेते. म्हणजे माझ्या मुलांवर आता पुस्तक निघणार.

१३ ऑक्टोबर

भांड्यांच्या सिंकजवळची घासणी गायब. मालनने नवी काढली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ध्रुवच्या रक्ताचा दिवस. रुपालीने फॉर्मवर सही केली, मला न विचारता. रिकाम्या पोटी न्यायचं होतं. सकाळी साडेसातला वाढत्या वयाचं पोर रिकाम्या पोटी! चक्कर आली तर कोण जबाबदार? लिफ्टमध्ये एक बेसनलाडू दिला. लाडू म्हणजे काही जेवण नव्हे.

लॅबवाल्याने विचारलं, काही खाल्लंस का बाळा. आणि या हरिश्चंद्राने सांगितलं, लाडू. परत पाठवलं. रुपाली टॅक्सीत माझ्याशी बोलली नाही. शांतता चांगली असते.

१७ ऑक्टोबर

आज घेतलं रक्त. मी घरी होतो. मला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

दुपारी शाळेतून ध्रुवला आणायला गेलो. सकाळचं रक्त भरून निघावं म्हणून कोपऱ्यावर दोन वडापाव आणि उसाचा रस. रुपालीला कळवण्याची गरज नाही. हा तातडीचा उपाय होता. पुढे चिवडा गल्लीतून अर्धा किलो शेव घेतली ती दिवाळीसाठी, पण पुडा फुटला होता म्हणून वाटेतच थोडी संपवावी लागली.

परत घासणी गायब. मला भांडीवाल्या मायाचा संशय आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

पहाटे पाच वाजता ध्रुवला पाटावर बसवलं. तेल, मग उटणं. वर्षातून एकदा तर योग्य साहित्य हाताशी असतं. मानेवर पाऊण वाटी उटणं थापलं आणि नारळाच्या शेंडीने घासलं. वीस मिनिटं. पोरगा या वेळी रडला नाही. भिंतीकडे बघत बसला. शूर आहे. मी विचारलं दुखतंय का, तर म्हणाला, जातंय का? मी म्हटलं, जाईल, जाईल.

गेलं नाही. उटणं भेसळीचं आहे. खात्यात असतो तर दुकानच सील केलं असतं.

फराळ. ध्रुवने करंज्या कमी खाल्ल्या, चारच. आजारी तर नाही ना पडत?

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ८.४०

रिपोर्ट आला! रुपाली आंघोळीला गेली तेव्हा मी लिफाफा उघडला. उघडाच होता, फक्त चिकटवलेला.

काय लिहू. आयजीएफ-वन नावाचं एक प्रोटीन असतं, लिव्हर बनवतं, त्याने मूल वाढतं. आमच्या ध्रुवचं? अगदी वरच्या टोकाला. इन्सुलिन? मर्यादेच्या वर, पुढे H. एच म्हणजे हाय. पेपरात एच मिळणं म्हणजे पहिल्या वर्गात पास. फक्त एक विषय राहिला आहे. त्या वाढीच्या प्रोटीनला बांधून ठेवणारं एक दुसरं प्रोटीन असतं, ते कमी आलं आहे.

मी आधीच म्हणत होतो. पंधरा किलो चारशे हा काही योगायोग नव्हता.

रिपोर्टची झेरॉक्स काढली. तीन. एक कोंडीरामच्या दाराखालून सरकवली.

२८ ऑक्टोबर

विचार केला. बांधणारं कमी आहे ना? मग भरून काढायला हवं. बांधतं काय? डिंक. मालनला सांगितलं, डिंकाचे लाडू कर. ती म्हणाली, थंडी खंय आसा? तरी केले. रोज सकाळी दोन, शाळेतून आल्यावर एक. साध्या गोष्टी या मोठ्या हॉस्पिटलांना सुचत नाहीत, कारण डिंकाची फी घेता येत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन आलो. ध्रुवला शेरवानी. बंद गळ्याची, कॉलर उंच, म्हणजे मानेचा प्रश्न मिटला. दुकानदाराने दहा वर्षांची साइझ काढली, मग बाराची, मग चौदाची. शेवटी म्हणाला, साहेब, पोराला मोठ्यांच्या सेक्शनमध्ये घेऊन चला. घेतली तिथली. बाह्या कापायला सांगितल्या. गळ्याचं बटण लागत नाही. टेलर म्हणतो, गळा मोठा आहे. गळा मोठा नाही, यांची टेप छोटी. मी एकतीस वर्षं टेप तपासल्या आहेत.

ध्रुव आरशासमोर कॉलर पुन्हा पुन्हा वर ओढत होता. ऐट आवडते पोराला. माझ्यावर गेला आहे.

घरी आल्यावर मायाला घासण्यांबद्दल सरळ विचारलं. वीस वर्षं या घरात काम करते आहे. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, साहेब, माझ्या घरी घासणी आहे. आणि गेली. उद्यापासून येणार नाही असं मालनला सांगून गेली. चोर असाच रागावतो.

५ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ६

ऋता आली होती. सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. एक्स-रे पण आणला होता, ध्रुवच्या डाव्या हाताचा. म्हणाली, मुलगा साडेनऊचा आहे, पण हाडं साडेअकराची दिसताहेत.

मी टाळी वाजवली. दोन वर्षं पुढे! खात्यात दोन वर्षं पुढची बढती मिळवायला माणसं मरायची.

ती थांबली, मग हळू बोलायला लागली, जशी मुलांशी बोलत असेल. तिचं म्हणणं असं. पोटावर चरबी वाढली की इन्सुलिन वाढतं. इन्सुलिन वाढलं की ते बांधणारं प्रोटीन कमी होतं. मग वाढीचं प्रोटीन मोकळं सुटतं आणि नको तिथे काम करतं. कातडीवर बसतं, ती जाड आणि काळी होते, मानेवर, काखेत. तोच तो मळ. हाडांनाही घाई लावतं. म्हणून मूल आत्ता सगळ्यात उंच दिसतं, पण हाडं लवकर पिकतात आणि लवकर थांबतात. दाराच्या चौकटीकडे बोट करून म्हणाली, काका, या रेघा उसन्या आहेत. पुढच्या वर्षांतल्या आत्ताच घेतल्या.

शिवाय साखर काठावर आहे म्हणे. साखर! नऊ वर्षांच्या पोराची!

सुशांत एका बाजूला मान हलवत होता. खाली. ते लाल शाईत लिहायचं होतं, पण पेन सापडलं नाही.

मी तिला विचारलं, चाळीस वर्षं मी आकडे घेतले ते काय खोटे? ती म्हणाली, आकडे सगळे बरोबर आहेत काका, तुमच्याइतकी नीट नोंद आमच्याकडेही नसते. कुणी तुमच्या तराजूमुळे जाड झालं असं मी म्हणणार नाही. पण तुमचा शेरा घरोघर पोचला. ज्यांना समज मिळाली त्यांनी पोराला कोंबून भरवलं, ज्यांना बक्षीस मिळालं त्यांनी थांबवलं नाही.

तिच्या घरचं काय, तेही बोलली. माझ्या त्या शेऱ्यानंतर शामराव रोज तिच्या तोंडात जबरदस्तीने केळं घालायचा आणि ती रोज ओकायची. आई दोघांची साफसफाई करायची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, मी शेरा दुरुस्त केला असता.

रुपालीने डिंकाचे लाडू डब्यासकट खाली वॉचमनला दिले. तुपाचा भाव माहीत आहे का या बाईला?

६ नोव्हेंबर

रात्रभर विचार केल्यावर मत असं: ऋता सहा किलो आठशे होती, त्यामुळे तिला जाड मुलांबद्दल आकस आहे. वैज्ञानिक माणसाने असा आकस ठेवू नये.

तरी खबरदारी म्हणून वडापाव दोनावरून एकावर. उसाचा रस बंद. म्हणजे अर्धा ग्लास.

१० नोव्हेंबर, सोमवार

भाषण लिहून झालं. अकरा पानं. शीर्षक, 'वजनाला मान द्या'. सुरुवातीला तराजूचा इतिहास, शेवटी ध्रुव.

जुन्या विजेत्यांना फोन. सदतीस जणांपैकी (वर्षाला एक, कोरोनाची दोन वर्षं स्पर्धा नव्हती) एकवीस नंबर लागले, सहा जण येतो म्हणाले. १९९१चा विजेता हर्षवर्धन म्हणाला, काका, येतो, पण गोड काही ठेवू नका, गोळ्या चालू आहेत. पस्तिशीच्या वयात गोळ्या! या पिढीत दमच नाही. १९९१ला पठ्ठा अकरा किलो नऊशे होता.

आज बाई नाही म्हणून भांडी मी घासली. घासणी परत गायब. माया तर आता येतच नाही. मग कोण? टॉवरमध्ये टोळी दिसते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ध्रुव तीन दिवस गळ्याला मफलर गुंडाळून शाळेत जातो आहे. नोव्हेंबरात मुंबईत मफलर. विचारलं तर म्हणतो, थंडी वाजते. मी म्हटलं, आलं आणि गूळ देतो. नको म्हणाला. पहिल्यांदाच खायला नको म्हणाला.

त्याच्या वर्गातल्या एका शहाण्याने लिफ्टमध्ये मला सांगितलं की ध्रुवला वर्गात डांबर म्हणतात. मानेवरून. मी त्याला चांगला दम दिला. ध्रुवलाही म्हटलं, रविवारपर्यंत स्वच्छ झाली पाहिजे, काही झालं तरी. तो बरं म्हणाला.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३

स्टेज तयार. तराजू पुसला. पितळेची परात अशी चमकते आहे की कोंडीरामचं तोंडही त्यात बरं दिसलं.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी

लिहायला हवं, म्हणून लिहितो.

स्पर्धेला तीन बाळं आली. एकीच्या आईने परातीत बसवायला नकार दिला, फोटोपुरती धरून ठेवली. दुसरं परातीत बसलं आणि त्याने परात ओली केली. जुने सहा विजेते आले. समोसे कुणी घेतले नाहीत, सगळ्यांनी पाणी घेतलं. ऋताही आली होती, मागे उभी होती, शामरावला घेऊन. म्हातारा झाला आहे. मला नमस्कार केला.

कोंडीरामने माइकवर सांगितलं, आता २०१७चा विक्रमवीर. मी स्टेजमागे ध्रुवला शेरवानी घालत होतो. मफलर काढू देईना. मी ओढला. कॉलर वर केली आणि गळ्याचं बटण जोर लावून बसवायला गेलो. पोरगा ओरडला. असा ओरडला की माइकमध्ये आलं.

कॉलरच्या आतून लाल लागलं होतं. बटण काढून बघितलं. मानेची सालटं निघाली होती. पूर्ण पट्टा, कानापासून कानापर्यंत. काही ठिकाणी खपली, काही ठिकाणी ओलं. आणि मधून तेच काळं, तसंच.

मी विचारलं, हे कुणी केलं?

त्याने शाळेच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून काढून दाखवलं. तारेची घासणी. आत अजून तीन होत्या, वापरून चपट्या झालेल्या.

"मी रोज घासतो आजोबा," तो म्हणाला. "तुम्ही झोपता तेव्हा पण. जातच नाही. आज मी स्टेजवर गेलो नाही तर चालेल का?"

कोंडीरामने नाव तीनदा पुकारलं. चौथ्यांदा मी गेलो. खिशात अकरा पानं होती. समोर शामराव मान वर करून बघत होता. मी माइक धरला. मग ठेवला. लाउडस्पीकरचा काहीतरी प्रॉब्लेम असावा.

रुपालीने ध्रुवला उचलून घेतलं. छप्पन किलो. तिने उचललं आणि लिफ्टपर्यंत नेलं. मी मागे तराजूजवळ उभा होतो.

१७ नोव्हेंबर

सकाळी मायाच्या घरी गेलो, वडाळ्याला. दोन बस बदलून. दारात उभा राहून सांगितलं, घासण्या सापडल्या. तिने कुठे म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, पोराच्या मानेला खोबरेल लावा, नुसतं, चोळू नका. पाणी पण दिलं मला.

ती बुधवारपासून येणार आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हॉस्पिटल. ध्रुव, रुपाली आणि मी. मी येतो म्हटल्यावर रुपालीने माझाही चहा ठेवला.

ऋताने मान स्वच्छ केली, मलम लावलं. ध्रुवला सांगितलं, हे घासून जाणार नाही, पण आतलं बरं झालं की आपोआप फिकं होत जातं. वेळ लागेल. यात तुझी काही चूक नाही, तू घाणेरडा नाहीस. तो म्हणाला, नक्की? तिने नक्की म्हणून सांगितलं. मग पोरगा जे रडला ते पाचेक मिनिटं. मी खिडकीतून बाहेरच्या झाडाकडे बघत होतो. बहाव्याचं असावं.

मग तिने फाइल लिहिली. काय खायचं, काय नाही, रोज चालणं, लिफ्ट बंद, चार मजले जिन्याने. शाळेतून येताना कोपऱ्यावर थांबायचं नाही. (हे तिला कसं कळलं? या हरिश्चंद्रानेच सांगितलं असणार.) रुपालीने फाइल घेऊन माझ्या हातात दिली. खाली शेवटी एक ओळ होती, मराठीत, निळ्या शाईने.

शेरा: आजोबांना समज द्यावी.

मी वर बघितलं. ऋता हसत नव्हती. रागावलेलीही नव्हती. ती वाट बघत होती.

खात्यात वाण्याच्या पंचनाम्याखाली मी एकच वाक्य लिहून घ्यायचो आणि सही करायला लावायचो. एकतीस वर्षं हजारो वाण्यांकडून लिहून घेतलं, स्वतः कधी लिहिलं नव्हतं. तिचं पेन घेतलं आणि शेऱ्याखाली तेच वाक्य लिहिलं: वाचून पाहिले, मान्य आहे. खाली सही केली आणि तारीख घातली.